सोळा आण्यांची माती

नीरेच्या काठी दरड कोसळली की नदीने रचलेली गाळाची पायरी उघडी पडते. काळी, चिकण, खोल माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून पुन्हा मिटते. म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हणतात. आजचे मृदाशास्त्र तिला ‘व्हर्टिसॉल’ म्हणते: चिकणकण किमान ३० टक्के आणि खोल भेगा, ही तिची ओळख.

या मातीची सरकारी प्रत मात्र आधीच ठरली होती. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. १८४७च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. एकूण नऊ प्रती. पावणेदोन हात खोल, एकजीव काळ्या मातीला सोळा आणे. शेवटच्या प्रतीला दोन. जितकी खोली तितकी ओल, हा हिशेब. उपळाचे पाणी फार असेल तर प्रत उतरवण्याची सोयही होती. कोरडवाहू शेतीसाठी मला हा हिशेब चोख वाटतो.

१८८५मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला. चिकणमातीने पाणी धरले, निचरा होईना, क्षार वर आले. १९१०मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला.

ज्या गुणाला सोळा आणे मिळाले, त्याच गुणाने जमीन नासली. प्रत ठरवणाऱ्यांनी मातीबरोबर पावसाचेही मोल केले होते. पाणी बदलले, की मोलही नव्याने करावे लागते.