अमेरिकेची नाकेबंदी आणि नगरची रयत

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. त्याच महिन्यात अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेचा कापूस अडला की तिचा पैसा आटेल, हा हिशेब होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तिथूनच येई. पहिला फटका लँकशायरच्या गिरणी कामगारांना बसला. भारतातल्या कापसाला भाव चढला आणि मुंबईचे व्यापारी मात्र गबर झाले.

ही तेजी अहमदनगर जिल्ह्यात पोचली ती कर्जाच्या वाटेने. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हा बाजरी-ज्वारीचा जिराईत मुलूख. कापूस इथले मुख्य पीक नव्हे. पण धान्याचे भाव चढले, मजुरी वाढली, मुंबईचा पैसा शहरी पेढ्यांतून गावच्या सावकारापर्यंत उतरला आणि कुणब्याची पत एकाएकी वाढली. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. रयतेच्या भल्याचा हा नियम तिच्यावरच उलटला. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. अक्षरशत्रू कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी.

१८६५मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस बाजारात परतला आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. पेढ्यांनी हात आखडला. गावात नवे कर्ज मिळेना, जुन्याचा तगादा लागला. १८७०नंतर धान्यही उतरले. सावकाराला आपली तूट खतावर बोट ठेवून वसूल करता येई. कुणब्याला ती ढकलायला कोणी उरले नव्हते. त्याची जमीन गेली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध कुणब्यांचा उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत तालुक्यांत पसरला. त्याचे सारे खापर नाकेबंदीवर फोडता येणार नाही. सावकारी आणि कोर्टकचेरी यांचा जाच जुनाच होता. तेजीने कर्ज फुगवले आणि मंदीने ते अंगावर आणले, एवढे मात्र निश्चित. जमावाला हवी होती खते आणि हुकूमनामे. ती हाती पडली की चव्हाट्यावर जाळत. सावकाराच्या जिवाला बहुधा धक्का लागत नसे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली.

या उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. तोवर १८७६-७७चा दुष्काळ या मुलखावरून फिरून गेला होता.