भंडारा १९०१ : तलावांच्या जिल्ह्यातून हरवलेली माणसे

१८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७,४२,८५० होती. १ मार्च १९०१ रोजी पुन्हा शिरगणती झाली, तेव्हा ती ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत ७९,७८८ माणसे कमी. दर शंभरांमागे जवळजवळ अकरा.

हे आकडे एखाद्या कोरड्या, उजाड मुलखाचे असते तर आश्चर्य वाटले नसते. पण हा वैनगंगेचा मुलूख. नागपूरचा ‘तलावांचा प्रदेश’ म्हणून इंग्रजी दप्तरात ज्याची नोंद होती आणि जिथे लहानमोठे ३,६४८ तलाव मोजले गेले होते, तो हा जिल्हा. एवढे पाणी असताना दुष्काळाने येथे इतकी माणसे कशी नेली?

आधी भूगोल. वैनगंगा सातपुड्यात, शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडाऱ्यातून दक्षिणेकडे वाहत जाऊन पुढे वर्धा नदीला मिळते. तिथून त्या प्रवाहाचे नाव प्राणहिता. बावनथडी, सूर, चुलबंद या तिच्या येथल्या उपनद्या. उत्तरेस आंबागडचे डोंगर, पूर्वेस दाट जंगल आणि झाडीपट्टी, पश्चिमेस नागपूरकडे उघडत जाणारे मैदान. याच मैदानी भागात, आजच्या मोहाडी तालुक्यात, आंधळगाव आहे. १९०१ साली जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या.

जमिनीला येथे एकच नाव नाही. काळी, ओल धरणारी ती कन्हार. तिच्याहून हलकी मोरांड. पिवळसर, वाळूमिश्रित, धानाला मानवणारी सिहार. उंचावरची मुरमाड ती बर्डी. शेतकरी जमिनीला नावाने ओळखे आणि त्या नावावरूनच पीक ठरवी. जिल्ह्याचे मुख्य पीक धान. बांध घातलेल्या बांधीत पाणी साठवायचे, रोप वाढवून रोवणी करायची, किंवा मजूर आणि पाणी कमी असेल तर सरळ आवत्या पेरायचा.

या धानासाठीच तलाव बांधले गेले. ते मुख्यतः कोहळी समाजाच्या कर्तबगारीचे. गोंड राजांच्या आश्रयाने हे लोक काशीकडून आले, अशी परंपरा सांगतात. उतार नेमका हेरून दोन टेकड्यांमधली फट मातीच्या पाळीने बुजवायची आणि वरचे सारे पावसाचे पाणी अडवायचे, ही त्यांची विद्या. नवेगावबांध हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ते आता गोंदिया जिल्ह्यात आहे. मोठ्या तलावाखाली लहान तलाव, त्याखाली बोडी, बोडीखाली बांधी अशी पाण्याची उतरंड असे. मोजणीची आधुनिक साधने हाती नसताना उभे राहिलेले हे काम आजही अभियंत्यांना थक्क करते.

मात्र या व्यवस्थेची एक मर्यादा होती, आणि १९०१ च्या आकड्याचे उत्तर तिच्यातच आहे.

धानाला सर्वांत जास्त गरज लागते ती लोंबी भरताना, म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. त्या वेळी पाऊस थोडा लांबला तर तलावाचे एक-दोन पाणी पीक वाचवते. तलाव म्हणजे उशिरावरचा विमा. परंतु तलाव भरतो तोही त्याच पावसाने. १८९६ मध्ये मध्य प्रांतात पाऊस वेळेआधीच थांबला. १८९९ मध्ये तर मोसमी पावसाने जवळजवळ साऱ्या देशाकडेच पाठ फिरवली. (पश्चिम भारतात तो ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून स्मरणात राहिला, विक्रम संवत १९५६ होते.) ही दोन्ही वर्षे पॅसिफिक महासागरातील एल निनोची. तीन वर्षांत दोन आघात. ज्या साधनाची रचना काही आठवड्यांची तूट भरून काढण्यासाठी होती, त्याच्याकडून दोन हंगामांची तूट कशी भरणार?

शिवाय तलाव सर्वांचे नव्हते. पाळीखालच्या बांध्यांना पाणी मिळे. उंचावरच्या बर्डीला मिळत नसे. तलावाची मालकी मालगुजाराची. आणि ज्यांच्याकडे बांधीच नव्हती, त्यांना तलाव भरला काय, आटला काय, धान विकतच घ्यावे लागे.

येथे आंधळगावकडे वळायला हवे. हे गाव कोष्ट्यांच्या हातमागांसाठी आणि कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचे काम जंगलालगतचे ढिवर करत आले. त्या धाग्याचे कापड मोहाडी-आंधळगावच्या मागांवर निघते. करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली करवतकाठी साडी ही या पट्ट्याची खूण. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

दुष्काळात विणकराचे संकट दुहेरी असते. शेतकऱ्याचे पीक बुडाले की तो सर्वप्रथम कापडाची खरेदी थांबवतो. म्हणजे धान महाग होते त्याच महिन्यात विणकराची मिळकत शून्यावर येते. अमर्त्य सेन यांनी दुष्काळाच्या अभ्यासात नेमका हाच मुद्दा पुढे आणला : उपासमार होते ती बाजारात धान्य नसल्यामुळेच असे नाही, तर ते विकत घेण्याची ऐपत संपल्यामुळेही. भंडाऱ्यातून १८८० च्या दशकातच रेल्वे धावू लागली होती. धान्य बाहेरून येऊ शकत होते. पण रिकाम्या हाताला त्या गाडीचा काय उपयोग?

त्यात विणकराची स्थिती आधीच खालावलेली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती आणि विलायती कापड त्याआधीपासूनच खेड्यापाड्यांत पोहोचत होते. सरकारने दुष्काळात उघडलेली कामे बहुधा खडी फोडण्याची आणि मातीची. बारीक सुताला सरावलेले हात खडीवर टिकत नाहीत, आणि एकदा बिघडले की पुन्हा सुताला चालत नाहीत. विणकराला त्याच्याच धंद्यातून मदत द्यावी, हा विचार तत्कालीन दुष्काळ आयोगांपुढे आला तो यामुळेच.

आता पुन्हा त्या आकड्याकडे. ७९,७८८ हा मृतांचा आकडा नव्हे, ही चूक अनेकदा केली जाते. जनगणना फक्त दोन तारखांना हजर असलेली माणसे मोजते. तिच्यातील घटीत भूक, पटकी आणि तापाने गेलेले असतात, परमुलखात गेलेले असतात आणि जन्मालाच न आलेली मुले असतात. दुसऱ्या बाजूने तो आकडा हानी कमीही दाखवतो. १८८१ ते १८९१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ६,८३,७७९ वरून साडेआठ टक्क्यांहून थोडी अधिक वाढली होती. तोच वेग टिकला असता तर १९०१ मध्ये सुमारे ८ लाख ७ हजार लोक असते. त्या हिशेबाने तूट १ लाख ४४ हजारांच्या घरात जाते.

आणखी एक सापळा. १९०१ चे ६.६३ लाख आणि २०११ चे १२,००,३३४ हे आकडे शेजारी ठेवून ‘एकशे दहा वर्षांत दुप्पटही नाही’ असे लिहिलेले आढळते. हे चूक आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या भंडाऱ्यात गोंदियाचे १३,२२,५०७ मिळवले तर बेरीज २५ लाखांवर जाते, म्हणजे जवळजवळ चौपट. तीही तुलना तंतोतंत नाही, कारण मधल्या काळात इतर सीमाही हलल्या. नाव तेच राहिले म्हणून प्रदेश तोच राहतो असे नाही.

तलावांचे पुढे काय झाले? १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव या नावाने कागदोपत्री उरले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची गावातली जबाबदारी कोणाची, हे मात्र तिच्याबरोबरच धूसर झाले. गाळ साचत गेला.

२००१ ते २०११ या दशकात भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या अवघी ५.६५ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात महाराष्ट्राची १५.९९ टक्क्यांनी. कारणे आता निराळी आहेत. कुटुंबे लहान झाली, आणि धानाची कापणी आटोपली की तरुण नागपूर-पुण्याकडे कामाला जातात. यंदा भूक नाही, पण एका पिकावर वर्ष निघत नाही ही गोष्ट जुनीच आहे. पुढील जनगणनेसाठी जाहीर झालेली संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७.