वर्ध्याची घाणी आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल

वर्ध्याच्या मगनवाडींत १९३५ नंतर जी घाणी फिरूं लागली, तिचा रक्तांतील कोलेस्टेरॉलशीं कांहीं संबंध असेल, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनीं त्याला वर्ध्यांतील आपली बाग व इमारत दिली. आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हें नांव पडलें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. तेलाचें काम झवेरभाई पटेल यांनीं अंगावर घेतलें. तेल्यांची पिढीजात घाणी सुधारून त्यांनीं जी तयार केली, ती पुढें ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली.

या घाणीला प्रतिस्पर्धी लवकरच भेटला. तेलांत निकेलच्या साहाय्यानें हायड्रोजन वायु मुरविला कीं पातळ तेल थिजतें व तुपासारखें दिसतें. १९३७ मध्यें ‘डालडा’ बाजारांत आला आणि शहरांतील स्वयंपाकघरांत त्याचे पिवळे डबे दिसूं लागले. गांधीजींनीं १९४६ मध्यें ‘हरिजन’मधून वनस्पती तुपावर टीका केली. तुपांतील भेसळ, तेल्यांचा बुडणारा धंदा आणि अन्नाचा कमी होणारा कस हे वर्ध्याच्या मंडळींचे आक्षेप होते. कोलेस्टेरॉलचा त्यांत उल्लेखहि नव्हता, आणि तो असणार तरी कसा? रशियांत अनिच्कोव्ह यांनीं १९१३ मध्यें सशांना कोलेस्टेरॉल खाऊं घालून त्यांच्या रोहिण्या रोगट झालेल्या दाखविल्या होत्या खऱ्या; पण थिजविलेल्या तेलाशीं त्याचा धागा जुळलेला नव्हता.

तो धागा १९९० मध्यें हॉलंडांत जुळला. मेन्सिंक व काटान या संशोधकांनीं निरोगी माणसांच्या आहारांत ट्रान्स-स्निग्धाम्लें घालून पाहिलीं. तेल अर्धवट थिजवितांना त्यांतील कांहीं रेणूंची घडण बदलते व हीं अम्लें तयार होतात. त्यांच्या योगानें अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलें आणि उपकारक घटलें. साध्या गोठलेल्या चरबीनें पहिलेंच घडतें. येथें दोन्ही बाजूंनीं तोटा!

उलट, घाणींत पेरलेल्या विदर्भाच्या जवसांत व तिळांत वनस्पतिज स्टेरॉलें असतात. त्यांची बांधणी कोलेस्टेरॉलसारखीच असल्यामुळें आंतड्यांत तीं त्याची जागा अडवितात व शोषण कमी करतात. मात्र जेवणांतील तेलांतून मिळणारें त्यांचें प्रमाण अल्प आहे. घाणीचें तेल हें औषध नव्हे, आणि चमच्यांचा हिशेब त्यालाहि लागतोच. वर्ध्याच्या मंडळींना भविष्य दिसलें होतें, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. त्यांचीं कारणें वेगळीं होतीं, निष्कर्ष मात्र खरा ठरला.

सरकारी नियमाला फार वेळ लागला. तेलांतील व वनस्पती तुपांतील ट्रान्स-स्निग्धाम्लांना भारतांत २०११ मध्यें शेंकडा १० ची मर्यादा आली. ती उतरत उतरत १ जानेवारी २०२२ रोजीं शेंकडा २ वर आली.