लॉगबुक हाच साक्षीदार
आपल्या अमरावती-अकोल्यात समुद्र कुठला! तरी हे वाचाच. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून एकटेच निघाले. बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. वाटेत चार थांबे घेत, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये ते परतले. एकट्याने हे करणारे पहिले भारतीय.

अशा प्रवासात झोप तुकड्यातुकड्यांची. शिडं, दुरुस्ती, स्वयंपाक सगळं आपणच बघायचं. बघणारं दुसरं कोणी नाही, म्हणून वेळ, स्थान, वारा तेव्हाच्या तेव्हा लॉगबुकात टिपायचं. नंतर आठवून लिहिलं की लाटा उंच होतात!

मी रीडिंग्ज 'उद्या लिहू' म्हणत राहिलो. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तुम्ही आजची नोंद आजच करा.