मराठी लोकविज्ञान पुस्तकांच्या प्रथमावृत्तीची ओळख

सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकाची हाती असलेली प्रत पहिल्या छपाईची आहे की नंतरच्या, हे प्रतीवरील व प्रतीबाहेरील पुराव्यांवरून ठरवण्याच्या पद्धतीस प्रथमावृत्तीची ओळख म्हणतात. संग्राहकाच्या दृष्टीने हा किमतीचा प्रश्न असतो. अभ्यासकासाठी तो अधिक गंभीर ठरतो, कारण विज्ञानाची पुस्तके पुढील आवृत्त्यांत दुरुस्त होतात. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या निश्चित केली आणि प्लूटो बटुग्रह ठरला. त्याआधीच्या एखाद्या पुस्तकाची नंतर सुधारलेली प्रत मूळ समजून वापरल्यास, लेखकाने त्या काळी न केलेले विधान त्याच्या नावावर जमा होते.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण

काटेकोर अर्थाने मजकुरात बदल करून काढलेली ती नवी आवृत्ती आणि तोच मजकूर पुन्हा छापला की ते पुनर्मुद्रण. मराठी प्रकाशनव्यवहारात हा भेद नेहमी पाळला जात नाही. ‘पाचवी आवृत्ती’ म्हणजे अनेकदा पाचवी छपाईच असते. शीर्षकपानाच्या मागे आवृत्त्यांची यादी असल्यास प्रत यादीतील शेवटच्या नोंदीची समजावी. केवळ पहिली ओळ वाचून प्रत प्रथमावृत्तीची मानणे ही सहज होणारी चूक आहे. प्रकाशक बदलला असल्यास नवा प्रकाशकही स्वतःच्या पहिल्या छपाईला ‘पहिली आवृत्ती’ म्हणू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इंग्रजी पुस्तकांतील अंकांची ओळ, जिच्यातील सर्वांत लहान अंक छपाईचा क्रमांक दाखवतो, मराठीत क्वचितच आढळते. इंग्रजीत मुद्रणदोषही खूण ठरतो: डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत (१८५९, १,२५० प्रती) विसाव्या पानावर ‘स्पीशीज’ हाच शब्द चुकीचा छापला गेला आहे.

प्रतीवरील कालखुणा

तारीख नसलेल्या किंवा ते पान गहाळ झालेल्या प्रतीत लहानसहान खुणाच उपयोगी पडतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांच्या ‘ज्योतिर्विलास’सारख्या जुन्या ग्रंथांच्या काळात शक वर्ष देण्याची प्रथा होती, त्यात ७८, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९, मिळवल्यास इसवी सन मिळतो. रुपये-आणे-पै अशी किंमत बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची छपाई सुचवते. ‘नये पैसे’ हे नाव १९६४ पर्यंतच चालले, त्यामुळे ही खूण फारच नेमकी आहे. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे वळण दाखवतात. पण जुन्या पिढीतील लेखक ते पुढेही वापरत राहिल्याने एवढ्यावरून निर्णय करू नये.

तेरा अंकी आयएसबीएन २००७ पासून रूढ झाला. त्यामुळे २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर यांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ या गेल्या शतकाअखेरच्या पुस्तकाच्या प्रतीवर असा क्रमांक छापलेला असल्यास ती प्रत पहिल्या छपाईची नाही. वेष्टनावर मात्र विसंबू नये. ते एका प्रतीवरून दुसरीवर सहज चढवता येते.

प्रतीबाहेरील नोंदी

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यान्वये प्रांतिक सरकारे पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करीत. त्यांत मुद्रक, प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, आवृत्तीचा क्रमांक, प्रतींची संख्या व किंमत नोंदवणे अपेक्षित होते. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८००–१९३७ व १९३८–१९५०) हे पहिले पाहण्याचे साधन आहे. पृष्ठसंख्या आणि किंमत जुळते का, एवढे ताडून पाहिले तरी बरेच दावे गळून पडतात.

ग्रंथालयातून बाद झालेल्या प्रतींची बांधणी बदललेली असते आणि त्या वेळी सुरुवातीची पाने कापली जाऊ शकतात. अशा प्रतीवरील दाखल क्रमांकाजवळची तारीख छपाईची केवळ अलीकडची मर्यादा सांगते: पुस्तक त्या दिवसाआधी छापले गेले होते, किती आधी हे त्यावरून कळत नाही.