नामानिराळी राजसत्ता

कुरुक्षेत्रावर शिखंडीला पुढे करून अर्जुनाने शरसंधान केले. परंतु देहात रुतलेले बाण शिखंडीचे नव्हेत, अर्जुनाचे आहेत, हे भीष्मांनी ओळखले. राष्ट्रांच्या इतिहासात मात्र शिखंडी तेवढा दिसतो आणि अर्जुन नामानिराळा राहतो.

इ. स. १५७७ मध्ये फ्रान्सिस ड्रेक इंग्लंडहून निघाला आणि स्पेनची संपत्ती लुटून १५८० मध्ये परतला. उभय राष्ट्रांत तेव्हा उघड युद्ध नव्हते. स्पेनच्या वकिलाने लूट परत मागितली. एलिझाबेथ राणीने १५८१ मध्ये ड्रेकला त्याच्याच जहाजावर सरदारकी देवविली! स्पेनच्या लेखी जो चाचा, तो इंग्लंडचा वीर ठरला.

अशा खासगी लढाऊ जहाजांना सनदा देण्याची प्रथा युरोपात रूढ होती. सनदधारकाने जामीन द्यावा, पकडलेले जहाज न्यायालयापुढे आणावे, असा दंडक असे. त्यात निदान सनद देणारा राजा उघड असे. १८५६ च्या पॅरिस येथील जाहीरनाम्याने ही प्रथा रद्द केली. सनद गेली; हेतू मात्र उरला.

निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या 'काँट्रा' बंडखोरांना अमेरिकेने शस्त्रे, पैसा व शिक्षण पुरविले. १९८६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याबद्दल अमेरिकेला दोषी ठरविले. परंतु बंडखोरांची प्रत्येक कृत्ये अमेरिकेच्या माथी मारण्यास त्या त्या कृत्यावर तिचे परिणामकारक नियंत्रण सिद्ध व्हावे लागेल, असेही म्हटले. कायद्याची ही सावधगिरी आम्हांस समजते. पण नामानिराळे राहू पाहणाऱ्यास आडोसा मिळतो तो येथेच.

हा प्रश्न परक्यांपुरताच नाही. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेलीतील पोर्तुगीज सत्ता स्वयंसेवकांनी उखडली आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला वाट नाकारली. सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निर्णय हेगच्या न्यायालयाने १९६० मध्ये दिला. तो लढा आम्ही न्याय्यच मानतो. पारतंत्र्य झुगारणारा स्वयंसेवक आणि परसत्तेने पोसलेला भाडोत्री यांत महदंतर आहे. तथापि हे अंतर केवळ 'तो आमचा' म्हणून ठरू नये. शस्त्र कोणाचे, द्रव्य कोणाचे, आज्ञा कोणाची, हे तीन प्रश्न मित्र व शत्रू दोघांनाही विचारले पाहिजेत.

शिखंडीकडे पाहून बाण ओळखता येत नाही. त्यासाठी भीष्मांची नजर हवी, आणि तिचा निर्भयपणाही.