चक्रव्यूहातील न्याय

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती. बाहेर पडण्याची नव्हती. व्यूह रचणाऱ्यांना मात्र त्याची सारी रचना ठाऊक होती. जेथे एकाला वाट माहीत आणि दुसऱ्याला नाही, तेथील सामना बरोबरीचा नसतो. १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील नासाच्या एम्स केंद्रात, जोडलेल्या संगणकांवर एकाच चक्रव्यूहात परस्परांना हुडकण्याचा खेळ जन्मला. अशा खेळांबरोबर हा जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. उपाय उघड होता: प्रत्येक डावाला चिठ्ठ्या टाकून नवा व्यूह रचावा. परंतु ही सोडत निःपक्षपाती कशी ठेवावी?

या उत्तराचा उगम खेळापासून फार दूर आहे. साऱ्या खोल्या जोडलेल्या, पण फेरा कोठेच नाही. म्हणजे कोणत्याही दोन खोल्यांमध्ये नेमकी एकच वाट, हे साध्या चक्रव्यूहाचे लक्षण होय. मोराव्हियातील गावे कमीत कमी तारेने वीजजाळ्यात कशी जोडावीत, या प्रश्नातून ओटाकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने १९२६ साली अशाच रचनेचा विचार केला. १९५६ मध्ये जोसेफ क्रस्कल यांनी सोपी रीत सांगितली: सर्वांत स्वस्त जोड आधी घ्यावी, आणि जिच्यामुळे फेरा होईल ती सोडून द्यावी. किमतीच्या जागी चिठ्ठी आली, की भिंती पाडण्याचा क्रम ठरतो व चक्रव्यूह सिद्ध होतो.

तथापि या रीतीत एक सूक्ष्म पक्षपात आहे. नऊ खोल्यांच्या चौरसात असे १९२ व्यूह संभवतात, सोळा खोल्यांच्या चौरसात १,००,३५२. सोडत प्रत्येक भिंतीला समान वागवीत असली, तरी प्रत्येक व्यूहाला समान संधी मिळत नाही. काही आकार अधिक वेळा येतात.

१९८९-९० मध्ये आंद्रे ब्रोडर आणि डेव्हिड आल्डस यांनी स्वतंत्रपणे निर्दोष मार्ग दाखविला. एका पांथस्थाला वाटेल तसे भटकू द्यावे. ज्या दाराने तो एखाद्या खोलीत प्रथम शिरेल, तेवढेच दार राखावे. न्याय पूर्ण होता, पण अखेरची खोली गाठेपर्यंत फार वेळ लागे. १९९६ मध्ये डेव्हिड विल्सन यांनी हा विलंब कमी केला. त्यांचा पांथस्थ फिरून आपल्याच वाटेवर आला, की मधला फेरा पुसला जातो. तो तयार भागाला मिळाला, की उरलेली वाट कायम होते. तरीही प्रत्येक व्यूहाची संधी तंतोतंत सारखीच राहते.

एवढ्याने खेळाडूंना न्याय मिळाला का? नाही. निर्दोष सोडतीतूनही एकाला मध्यभागी नेणारी दहा पावलांची वाट मिळू शकते आणि दुसऱ्याला चाळीस पावलांची. म्हणून दोघांच्या खेळात अर्धाच व्यूह सोडतीने रचता येतो. तोच अर्ध्या फेऱ्याने फिरवून समोर ठेवावा आणि नेमके मधोमध एक दार उघडावे. मग दोघांच्याही वाट्याला तीच वळणे येतात. आपली बाजू ओळखणारा प्रतिपक्षाचीही ओळखतो, ही याची किंमत. परंतु तीही दोघांना सारखीच.

निःपक्षपाती निवड आणि समान वाटणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गणिताने साधून दिली. दुसरी नियम करणाऱ्याने, सोडतीत हात घालण्यापूर्वीच, ठरवावी लागते.